कपाटातला आवाज

१

"अक्का, आवाज चोरीला गेला. लगेच या."

वहिनीचा हा मेसेज आला तेव्हा मी दुकानात एका लॅपटॉपचं पोट उघडून बसले होते. हातातला स्क्रू कुठे पडला ते मी पाहिलंसुद्धा नाही. गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणाले, शटर ओढलं आणि सुटले. वाटभर मनात एकच घोकत होते, बाकी काहीही गेलेलं असू दे, ते नको.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, लहान मुलांच्या वर्गाची बाई. तिच्या घशात भलतंच काहीतरी उगवलं होतं आणि उद्या सकाळी ऑपरेशन होतं. डॉक्टर तिची स्वरपेटीच काढणार होते. त्यानंतर तिच्या तोंडून शब्द निघणार नव्हता, कधीच. म्हणून गेले काही आठवडे ती रोज दुपारी झोपायच्या खोलीतल्या कपाटात शिरून, साड्या आणि कोटांच्या मधे स्टुलावर बसून, माइकसमोर वाक्यं वाचत होती. कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणून कपाट. माइकची वायर बाहेर, त्याच खोलीतल्या संगणकाला. ती हजारभर वाक्यं एका संस्थेकडे पाठवली की ते लोक त्यातून तिचा आवाज बनवणार होते. तिनं फोनवर टाइप करायचं आणि फोन तिच्या आवाजात बोलणार. पाठवायची मुदत आजची होती. आणि आता पुन्हा वाचायचं म्हटलं तरी शक्य नव्हतं, कारण घसा पार बसला होता. जे भरून ठेवलं होतं तेवढाच तिचा आवाज या जगात शिल्लक होता.

दार भावानं उघडलं. घरात आम्ही त्याला सोन्या म्हणतो. डोक्यावरचे केस गेले, पण नाव काही गेलं नाही. वहिनी मात्र त्याला कधी सोन्या म्हणाली नाही. "पन्नाशीला टेकलेल्या माणसाला काय सोन्या?" म्हणून हसायची आणि आपलं "अहो" चालवायची.

"तू कशाला धावत आलीस?" सोन्या म्हणाला. "हिनं उगाच तुला…"

"बाजूला हो," मी म्हणाले.

वहिनी संगणकासमोर बसली होती. चेहरा पांढराफटक. पडद्याच्या कोपऱ्यात नेटच्या चित्रावर लाल फुली होती. पाठवायचा प्रोग्राम 'इंटरनेट नाही' म्हणून उघडायलाच तयार नव्हता. पण ते सोडा. जिथे 'माझा आवाज' नावाचा फोल्डर असायचा, तिथे काहीच नव्हतं. मी नावानं शोधलं. नाही. कचऱ्याची पेटी उघडली. रिकामी.

"काल होतं?" मी विचारलं.

वहिनीनं मान हलवली. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात कुजबुजली, "काल रात्री बघितलं होतं. सगळं होतं."

सोन्या मागे उभा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "तशीही त्यात बाथरूमच्या पंख्याची घरघर येत होती. त्या लोकांनी नापासच केलं असतं."

बायकोचा आवाज गेलाय आणि हा म्हणतो जाऊ दे! मला इतका राग आला की त्यानं नेमकं काय म्हटलं तिकडे माझं लक्षच गेलं नाही.

२

घरात माणसं चार. वहिनी, सोन्या, त्यांची मुलगी छोटी आणि वहिनीच्या आई. त्यांना सगळे आजी म्हणतात, म्हणून मीही आजीच म्हणते. बाहेरचं कुणी काल आलं नव्हतं. म्हणजे जे काही झालं ते या चौघांतल्याच कुणीतरी केलं होतं. हे मनात आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

आधी नेट. राऊटर आजींच्या खोलीत, खिडकीशी. गेले तर त्याचे दिवे विझलेले. राऊटरची वायर जमिनीवर मेलेल्या सापासारखी पडली होती, आणि तिच्या जागी प्लगमध्ये आजींची गुडघे शेकायची विजेची पिशवी. आजी पलंगावर बसून निवांत गुडघा शेकत होत्या.

"आजी, हे तुम्ही काढलंत?"

"काढलं तर? रोज दुपारी काढते. तो मेला दिवा डोळे मिचकावत बसतो, मला झोप लागत नाही. उठले की परत लावते. आज विसरले."

"रोज?" मी कपाळावर हात मारला. "म्हणजे सगळं घर रोज दुपारी नेट नेट करत हिंडतं, ते तुमच्या गुडघ्यापायी?"

"गुडघा माझा आहे, अक्का. नेट तुमचं."

मी जागची हलले नाही. कारण या घरात एकच माणूस त्या रेकॉर्डिंगच्या विरोधात उघडपणे बोललं होतं, आणि ते माणूस माझ्यासमोर गुडघा शेकत बसलं होतं.

"तुम्हाला ते आवाज भरणं आवडत नव्हतं ना?"

आजींचा चेहरा एकदम बदलला. "नव्हतंच आवडत. जिवंत माणसाचा आवाज डब्यात भरून ठेवायचा? अभद्र वाटतं मला. आई आहे मी तिची. पण म्हणून मी तिचं काही पुसेन असं वाटलं तुला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तो संगणक चालू कुठून करतात तेसुद्धा माहीत नाही गं."

हे खरं होतं. आजींना टीव्हीचा रिमोटही दोन हातांनी धरावा लागतो. मी राऊटरची वायर परत लावली. दिवे लागले. बाहेरून छोटी ओरडली, "आलं! फोनवर नेट आलं!"

मला हायसं वाटलं. चला, निदान अर्धं कोडं सुटलं. मी संगणकापाशी आले आणि बघते तर फुली तशीच. लाल, ठसठशीत.

३

सगळ्या घरात नेट, आणि या एकाच यंत्राला नाही. वायर बदलून पाहिली. फुली तशीच. मग सहज म्हणून ब्राउझर उघडून एक पान मागितलं, आणि पान उघडलं! झर्रकन उघडलं!

मी खुर्चीतच मागे सरकले. नेट होतं. संगणकाला फक्त वाटत होतं की नाही. आणि पाठवायचा प्रोग्राम बिचारा संगणकाच्या शब्दावर विश्वास ठेवून दार लावून बसला होता.

आता जरा सांगायला हवं. विंडोजच्या पोटात पडद्यामागे पुष्कळ नोकर राबत असतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. कुणी प्रिंटर बघतो, कुणी घड्याळ, कुणी आवाज. एकाचं काम असतं, नेट आहे की नाही ते बघून बाकीच्यांना सांगायचं. हा गडी झोपला होता. मी त्याला उठवायला गेले तर उत्तर आलं की ज्याच्या आधारावर मी उभा राहतो तोच उठत नाही, मी कसा उठू? मग त्या आधाराच्या मागे गेले. तो निघाला कारकून. इव्हेंट लॉग म्हणतात त्याला. संगणकात कधी काय झालं, काय थांबलं, याच्या नोंदी लिहिणं एवढंच त्याचं काम. नेटशी त्याचा काही संबंध आहे हे कुणाला सुचणारही नाही.

त्याच्या नावापुढे शब्द होता 'डिसेबल्ड'.

बिघडलेला कारकून 'थांबला' असं दाखवतो. 'डिसेबल्ड' आपोआप होत नाही. कुणीतरी आत शिरून, नेमका हा कारकून शोधून, हातानं त्याला घरी बसवावं लागतं. पुढे बघितलं तर त्याच्या जुन्या नोंदीही धुऊन पुसून साफ.

नेट बिघडलं नव्हतंच. या घरातल्या कुणीतरी आधी आवाज उचलला आणि मग साक्षीदाराचं तोंड बंद केलं.

मी कारकुनाला परत कामावर घेतलं, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. लाल फुली गेली. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, फायली निवडा. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. रस्ता मोकळा झाला होता, पण पाठवायला घरात काही नव्हतं.

"अक्का," ती कुजबुजली, "सापडेल ना?"

"तू बोलू नकोस," मी म्हणाले. तिला उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती, हे खरं कारण.

४

संगणकात कारकून असतो एवढं तरी कुणाला ठाऊक असणार? पहिलं बोट छोटीकडे जात होतं. कॉलेजला जाते, संगणकावर खेळ खेळते, आणि मागच्याच आठवड्यात मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. संगणकात जागा उरली नव्हती. छोटीला तिच्या खेळाची नवी आवृत्ती घालायची होती. वहिनी म्हणाली होती, "तुझा खेळ राहील नाहीतर माझा आवाज." छोटी दार आपटून गेली होती.

ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी आडवळण घेतलंच नाही.

"छोटे, आईचा फोल्डर तू काढलास?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आत्या, मी इतकी वाईट आहे?"

"मी विचारलं काय, तू सांगतेस काय?"

"नाही काढला! भांडले मी, मान्य आहे. रागात म्हणाले पण, की सारखं आवाज आवाज काय लावलंय. नंतर मलाच किती लाज वाटली. पण आईचा आवाज पुसायचा म्हणजे…" ती हुंदके द्यायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पण डोकं चालूच होतं. रडता सगळ्यांनाच येतं.

"तुझा खेळ दाखव," मी म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

तिनं नाक पुसत संगणकापाशी येऊन खेळ उघडला. नवी आवृत्ती घालायला गेली तर पडद्यावर पाटी आली, जागा अपुरी आहे. मी डिस्क उघडून पाहिली. भरल्याचा लाल पट्टा जसा मागच्या आठवड्यात मी पाहिला होता तसाच, काठोकाठ.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मूर्ख बाई, हे आधी बघायला हवं होतंस! हजारभर वाक्यांच्या भल्यामोठ्या फायली जर पुसल्या असत्या, तर तेवढी जागा मोकळी झाली असती. पाटावरून ताट उचललं की पाट दिसतोच. इथे तसूभरही जागा मोकळी झाली नव्हती. म्हणजे आवाज पुसलेला नव्हता. याच यंत्रात, नाव बदलून, कुठेतरी दडवलेला होता.

"छोटे, तू सुटलीस," मी म्हणाले. "जागेसाठी चोरी करणारीनं जागा वापरली असती."

ती डोळे पुसत हसली. पण मला हसू येईना. पुसायचं नव्हतं, फक्त दडवायचं होतं. आणि कारकुनाचं तोंड बंद करायचं होतं. असं कोण करेल? ज्याला वहिनीचा आवाज हवाही आहे आणि आज नकोही आहे, असं कोण होतं या घरात?

५

सोन्या गॅलरीत उभा राहून वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढत होता आणि परत लावत होता.

"तुला काय वाटतं, कुणी केलं?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्या यंत्रातलं?" तो म्हणाला. "मी एकही फाइल ऐकलेली नाही, अक्का. मला ऐकवतच नाही. ती कपाटात बसली की मी त्या खोलीत फिरकतसुद्धा नाही. माझे ऑफिसचे कागद घेऊन बाहेर बसतो."

सोन्या हिशेब तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून खातो. हल्ली वहिनीच्या आजारपणामुळे घरूनच काम करत होता. त्याचा चेहरा बघून मला भडभडून आलं. काल-परवापर्यंत नाक पुसायला माझ्याकडे यायचा हा.

मी वहिनीच्या कपाटाकडे गेले. का गेले ते माझं मलाच नीट सांगता येणार नाही. जिथे आवाज भरला ती जागा तरी बघावी म्हणून असेल. कपाटाचं दार उघडलं, स्टुलावर बसले, दार ओढून घेतलं. आत अंधार आणि कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. खुंटीला वहिनीचे हेडफोन लटकत होते. मी ते कानाला लावले. माइक चालू होता. माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू आला.

आणि तेवढ्यात घर्रर्र!

मी स्टुलावरून पडलेच असते. कपाटाच्या पाठीमागून पंख्याची घरघर सुरू झाली आणि तिच्यातून, अगदी स्वच्छ, आजींचा आवाज आला. "सासरी गेली तरी माहेरात नाक खुपसणं सुटत नाही. म्हणे आजी, तुम्ही काढलंत?"

आजी बाथरूममध्ये होत्या! कपाटाची पाठ म्हणजे बाथरूमची भिंत, आणि भिंत ती कसली, नुसता पत्रा. शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुसरी वेळ असती तर मी आतूनच उत्तर दिलं असतं. पण माझे कान त्या घरघरीवर होते.

पंख्याची घरघर. "तशीही त्यात बाथरूमच्या पंख्याची घरघर येत होती." हे वाक्य कुणाचं? ज्यानं एकही फाइल ऐकली नाही त्याचं!

आणि पुढचं. तो पंखा आत माणूस असल्याशिवाय लागत नाही, दिव्याच्याच बटणावर आहे. रोज दुपारी वहिनी कपाटात, आजी गुडघा शेकत झोपलेल्या, छोटी कॉलेजात. मग घरघर कुणामुळे? उरला कोण?

नको, नको, असं म्हणत मी कपाटातून बाहेर आले. सख्खा भाऊ माझा. आपलेच दात, आपलेच ओठ. पण आता थांबता येत नव्हतं.

६

लपवलेले फोल्डर दाखव अशी संगणकाला आज्ञा देता येते. मी ती दिली आणि सरळ त्यातल्या सोन्याच्या ऑफिसच्या फायलींत शिरले. 'जुनी व्हाउचरं' नावाचा एक फोल्डर तिथे फिकट, अर्धवट दिसत होता. उघडला. आत सगळ्या फायली. वहिनीचा सगळाच्या सगळा आवाज.

आनंदानं ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. कारण त्यातल्या काही फायली वेगळ्या काढून ठेवलेल्या होत्या. मी हेडफोन लावले आणि त्यातली पहिली उघडली.

वहिनीचा आवाज. खरा, घसा बसायच्या आधीचा, वर्गात मुलांना गप्प करणारा. ती वाचत होती, "आज पाऊस येईल असं वाटत नाही. छोटी, चपला जागेवर ठेव. मला जरा पाणी दे."

मागे पंख्याची घरघर सुरू झाली. आणि मग सोन्या. फोनवर.

"बोला डॉक्टर. नाही, ती ऐकत नाहीये, दुसऱ्या खोलीत आहे… पसरलंय म्हणजे? कुठवर?… म्हणजे ऑपरेशन करूनही?… हो, श्वास मोकळा होईल, कळलं. पण त्यानंतर किती… एवढंच?"

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

"तिला सांगू नका डॉक्टर. हात जोडतो. तिला वाटतंय आवाज दिला की जीव वाचतो. तेवढ्यावर ती उभी आहे. मी सांगेन तिला. वेळ बघून… नाही, मला नाही जमणार सांगायला."

मग फोन ठेवल्याचा आवाज. मग माझा भाऊ रडत होता. पंख्याच्या आडोशाला, तोंडात टॉवेल कोंबल्यासारखा. लहानपणी गुडघा फुटला तरी न रडणारा सोन्या.

बराच वेळ फाइलीत दुसरं काही नव्हतं. वहिनी पुढचं वाक्य वाचत नव्हती. मला वाटलं संपलं. आणि मग तिचा आवाज आला, शांत, सपाट.

"दूध उतू जातंय. गॅस बंद करा."

मी हेडफोन काढले. दारात सोन्या उभा होता. त्याला सगळं कळलं होतं.

"अक्का, तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"डोक्यावर पडलास का रे?" मी खालच्या आवाजात म्हणाले. "तिचा आवाज लपवलास? आजच्या दिवशी?"

"मी परत ठेवणार होतो! शपथ! काल रात्री ती झोपल्यावर म्हटलं एकदा सगळं नीट आहे का बघावं. कधी ऐकलं नव्हतं, तिचा आवाज होता, ऐकावासा वाटला. आणि त्यात मीच. पाठवायच्या आधी ती सगळं एकदा ऐकणार होती. कुठल्या कुठल्या फायलीत मी आहे ते शोधून तेवढं कापायचं होतं, पण मी किती वेळा बोललोय डॉक्टरांशी! संपेचना. म्हणून लपवून ठेवलं."

"आणि कारकुनाला का घरी बसवलंस?"

"कोण कारकून?"

"नोंदी लिहिणारा!"

तो खाली बघायला लागला. "आमच्या कामात माणूस नोंदीवरूनच सापडतो. म्हटलं ह्या यंत्रातही नोंद राहत असेल. शोधून बंद केलं. त्यानं नेट जाईल हे मला काय माहीत? नेट गेलं नसतं तर तुला बोलावलंही नसतं तिनं. माझ्याकडेच विचारलं असतं, आणि मी संध्याकाळपर्यंत सापडलं म्हणून काढून दिलं असतं."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. मी त्याला एक थोबाडीत द्यायला हात उचलला, आणि तोच हात त्याच्या डोक्यावरून फिरला. माझंही रडं आवरेना.

"तिनं ऐकलं नाही ना अजून?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "अक्का, तेवढं सांग. तिनं ऐकलं नाही ना?"

"ऐकलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

७

वहिनी दाराला धरून उभी होती.

"बोलू नकोस," सोन्या म्हणाला. "घशाला ताण…"

"उद्यापासून नाहीच बोलणार," ती म्हणाली. आवाज फाटलेला, पण स्पष्ट. "अहो, कपाटात बसताना माझ्या कानाला हेडफोन असतात. माइकला जे ऐकू येतं ते मला त्याच वेळी ऐकू येतं."

मला मघाशी कपाटातला माझाच श्वास आठवला. मी इतकी हुशार, चोर शोधला, भिंत शोधली, पंखा शोधला. आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

"म्हणजे त्याच दिवशी?" सोन्यानं विचारलं. "तुला तेव्हापासून माहीत आहे? इतके दिवस?"

"हो."

"मग तू बाहेर का नाही आलीस? मला काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्यापासून लपवायला पंखा लावून रडत होतात. मी बाहेर आले असते तर तुम्हाला तेवढंही रडता आलं नसतं. म्हणून पुढचं वाक्य वाचलं."

सोन्या खाली बसला. जमिनीवरच बसला, संगणकाच्या वायरींच्या गुंत्यात. वहिनी त्याच्यापाशी बसली आणि त्याच्या टकलावर हात ठेवला. मी इतकी वर्षं या दोघांना ओळखते. रोज एकमेकांना फसवत होती दोघं, आणि दोघंही एकमेकांसाठीच.

"ऑपरेशन करायचंच आहे मला," वहिनी म्हणाली. "श्वास तरी नीट येईल. आणि जेवढे दिवस मिळतील तेवढे तुमच्याशी भांडायला आवाज हवा. अक्का, पाठवा."

मी नाक पुसलं आणि पाठवायला बसले. एकेक फाइल प्रोग्राम तपासत होता, हिरवी खूण करत होता. सोन्याच्या आवाजाच्या फायलींवर अडला. त्यातली बाकीची वाक्यं इतर फायलींमध्येही होती, एकच कुठे नव्हतं. पडद्यावर पाटी आली, मागे आवाज आहे, हे वाक्य पुन्हा म्हणा.

"सोडून देऊ हे वाक्य," मी म्हणाले. "दुधावाचून काही अडत नाही."

"अडतं," वहिनी म्हणाली. "यांना दूध बघायला सांगितलं की हे तिथेच उभे राहून दुसरीकडे बघतात. ते वाक्य मला रोज लागणार."

ती उठली आणि सोन्याचा हात धरून त्याला कपाटाकडे ओढलं. दोघं त्या कपड्यांत शिरली. स्टूल एकच, म्हणून तो खाली बसला. मी दार लावून घेतलं. आजी बाथरूमकडे निघाल्या होत्या, त्यांना मी हातानंच थांबवलं. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि चक्क ऐकलं. जाऊन राऊटरच्या प्लगपाशी पहारा देत बसल्या, कुणी काढू नये म्हणून.

आतून तिचा घोगरा आवाज आला. "दूध उतू जातंय. गॅस बंद करा." मग सोन्यानं नाक ओढलं. प्रोग्रामनं नापास केलं. "अहो, गप्प बसा ना," ती म्हणाली, आणि ती चक्क हसत होती. पुन्हा म्हणाली. या खेपेला हिरवी खूण झाली.

सगळं गेलं. पाठवलं, पोचलं. छोटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पडद्याकडे बघत होती. तिला काय आणि कसं सांगायचं ते आईबाप बघतील, मी काही बोलले नाही.

वहिनी बाहेर आली तेव्हा मी ती जुनी, नापास फाइल बोटानं दाखवली. "ही पुसून टाकू? आता उपयोग नाही हिचा."

तिनं माझा हात धरला. "नको, माझ्या फोनवर घाला. हे माझ्यासमोर कधी रडले नाहीत, अक्का. त्यात रडलेत." मग जरा थांबून म्हणाली, "उद्यापासून मला बोलता येणार नाही. ऐकू तर येईल."

मी फाइल तिच्या फोनवर घातली आणि विचारलं, "नाव काय देऊ?"

तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच टाइप केलं, 'सोन्या'.